यू-टर्न काका

सनीव्हेलमध्ये बर्फ पडत नाही. जानेवारीत फार तर सकाळी गाडीच्या काचेवर थोडं दव गोठतं आणि लोक त्याचा फोटो काढून भारतात पाठवतात. तरीही आमच्या तळमजल्यावर राहणारे दिनकर खानझोडे नोव्हेंबर ते एप्रिल, रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, कंपनीच्या शटलच्या रांगेत उभे राहून हिमस्खलनाचं बुलेटिन मोठ्याने वाचून दाखवतात. ते बर्फाचं बुलेटिन चार तासांवरच्या टाहोच्या डोंगरांचं असतं. रांगेतल्या लोकांना त्या दिवशी फक्त ऑफिसला जायचं असतं. याने खानझोड्यांना काही फरक पडत नाही.

"आज तीन," ते जाहीर करतात. "उत्तरेच्या उतारावर वाऱ्याने आणलेला बर्फ बसला आहे. खाली जुना थर साखरेसारखा. सांभाळून."

रांगेतली एक चिनी बाई मान हलवून "थँक यू" म्हणते. बाकीचे कानात इअरफोन घालतात.

धोक्याचे हे आकडे एक ते पाच. खानझोड्यांनी त्यांचं स्वतःचं मराठी भाषांतर करून ठेवलंय. एक म्हणजे जा. दोन म्हणजे बघत जा. तीन म्हणजे घरच्यांशी नीट बोलून जा. चार म्हणजे काहून जाता? आणि पाच म्हणजे डोंगराचं चित्रसुद्धा भिंतीवरून उतरवून ठेवा. त्यांच्या मते सगळ्यात वाईट आकडा तीन. "चार-पाचला कोणी जात नाही बाप्पा. तीनला सगळे जातात, अन् तिथंच मरतात."

खानझोडे मूळचे नागपूरचे. वय साठ-एकसष्ट. चिप डिझाइनमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. उंची बेताची, खांदे जरा पुढे आलेले, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी उतार मोजायचं एक छोटं यंत्र. तीस अंशांच्या वर उतार गेला की बर्फ घसरू शकतो, हे त्यांना कधीतरी कोणीतरी शिकवलं आणि तेव्हापासून त्यांनी मोजायचा ठेवला असा उतार आमच्या परिसरात उरलेला नाही. पार्किंगचा रॅम्प मोजून झाला. लायब्ररीचं छप्पर मोजून झालं. मुलांच्या बागेतली घसरगुंडी अडतीस अंश भरली, तेव्हा ते तिच्यापाशी बराच वेळ गंभीर चेहऱ्याने उभे होते. शेवटी मी म्हटलं, दिनकरराव, ती घसरण्यासाठीच केलीय. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण अडतीस आहे हे पोरांना माहीत पाहिजे."

दर रविवारी ते त्याच बागेतल्या वाळूत एक सिग्नल देणारं यंत्र स्टीलच्या डब्यात घालून पुरतात. बॅककंट्रीत, म्हणजे लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही अशा मोकळ्या डोंगरात स्की करणारे लोक असं यंत्र अंगावर बांधतात. कोणी बर्फाखाली गेला तर बाकीच्यांनी आपल्या यंत्रावर सिग्नल पकडून त्याला शोधायचा आणि फावड्याने खणून काढायचा. त्यासाठी हातात पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात. मी पहिल्यांदा शोधलं तेव्हा मला अठरा मिनिटं लागली. डबा वर काढून मी विजयी मुद्रेने पाहिलं, तर खानझोडे शांतपणे म्हणाले, "छान. आता मंदाला फोन करून सांगा, मी गेलो म्हणून."

मंदाकाकू म्हणजे त्यांची पत्नी. रविवारी मुलांना मराठी शिकवतात. नवऱ्याबद्दल त्यांनी तक्रार करणं कधीच सोडून दिलंय. आता त्या नुसती माहिती देतात. अमेयच्या वाढदिवसाला केक आला तेव्हाची गोष्ट. अमेय म्हणजे माझ्याच टीममधला पुण्याचा मुलगा, तिशीच्या आतला, हुशार आणि कायम घाईत. मेणबत्त्या विझवून होतात न होतात तोच खानझोड्यांनी सुरी घेतली आणि केकचा एक चौकोनी खांब चारी बाजूंनी कापून मोकळा केला. मग त्यावर एक बशी ठेवून ते बोटांनी ठोकू लागले. दहा टकटक मनगटातून. मग कोपरातून. सोळाव्या टकटकीला वरचा अर्धा केक क्रीमवरून अलगद घसरून ताटात उतरला. बर्फाचा थर किती पक्का आहे हे डोंगरात असंच तपासतात म्हणे. खानझोड्यांचा चेहरा उजळला. खालचा थर कमजोर आहे, असं त्यांनी सगळ्यांना वळून सांगितलं. "यांना केक आधीच कापून द्यावा लागतो," काकू म्हणाल्या, आणि कागदाच्या प्लेटा वाटायला लागल्या.

आता खरी गोष्ट सांगतो. एवढं सगळं करणारे खानझोडे आजवर एकाही डोंगराच्या माथ्यावर पोचलेले नाहीत. ते नेहमी परत फिरतात. चार तास गाडी चालवायची, मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून दोन-तीन तास चढायचं, आणि माथा समोर दिसायला लागला की खानझोडे थांबतात. काठी बर्फात खुपसतात. आभाळाकडे बघतात. आणि म्हणतात, "नाही जमून राहिलं." कारण दर वेळी असतं. वारा फिरला. ऊन चढलं. वरून बर्फाचे गोळे सुटायला लागले. मग ते वळतात आणि ज्या सौम्य उतारावर शाळेतली मुलं घसरतील तिथून खाली येतात.

त्यामुळे त्यांच्याबरोबर माणूस एकदा जातो, दुसऱ्यांदा जात नाही. मराठी मंडळातल्या मुलांनी त्यांचं नाव यू-टर्न काका ठेवलंय. ते त्यांना माहीत आहे. एकट्याने त्या डोंगरात जायचं नाही हा त्यांचा स्वतःचाच नियम, म्हणून दर डिसेंबरात ते बिल्डिंगमध्ये जोडीदार शोधत फिरतात. लिफ्टमध्ये भेटलं की विचारतात, "शनिवारी काय करून राहिले?" लोकांना शनिवारी अचानक मुलांचा क्लास आठवतो.

मी मात्र तीन हिवाळे त्यांच्याबरोबर जात होतो. याचं कारण मी कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या ऑफिसात गेली काही वर्षं असं चाललंय की दर चिप आधीच्या चिपपेक्षा लवकर हवी असते, दर तीन महिन्यांनी टीममधली दोन-तीन माणसं दिसेनाशी होतात, आणि उरलेल्यांनी त्यांचंही काम करायचं असतं. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. मला गेली पाच वर्षं कोणीही असं म्हटलेलं नाही की राहू दे, इथपर्यंत आलास ते पुरे, चल घरी. खानझोडे ते म्हणायचे. डोंगरात, वाऱ्यात, काठी खुपसून, अगदी अधिकृतपणे. त्यासाठी चार तास गाडी चालवायला माझी ना नव्हती.

या फेब्रुवारीत अमेयही आमच्याबरोबर आला. त्याच्या नेहमीच्या मित्रांनी ऐन वेळी कॅन्सल केलं होतं. स्की त्याला आमच्या दोघांपेक्षा कितीतरी चांगलं येत होतं. बुलेटिनचा आकडा दोन होता. आभाळ स्वच्छ. तीन दिवसांपूर्वी पडलेला बर्फ डोळ्यांना त्रास होईल इतका पांढरा होता. निघण्यापूर्वी खानझोड्यांनी तिघांची यंत्रं दोनदा तपासली आणि अमेयने दोनदा घड्याळ बघितलं.

अडीच तास आम्ही चढलो. अमेय पुढे, मी मध्ये, खानझोडे मागे. देवदारांची रांग संपली आणि समोर माथ्याखालचा मोठा उतार उघडला. त्यावर आदल्या दिवशी उतरलेल्या चार जणांच्या सुंदर वळणदार रेघा होत्या. अमेय फोटो काढायला थांबला. मी त्याच्याजवळ पोचलो आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

तो आवाज सांगणं कठीण आहे. कोणी जड गादी जमिनीवर टाकावी तसा, पण पायाखालून. खानझोड्यांच्या पायाखालचा बर्फ एखादं बोट खाली बसला होता, एवढंच. वर सांगितलेला तो साखरेसारखा थर वरच्या वजनाने आत कोसळला की असा आवाज होतो. सपाट जागी तो नुसता आवाज असतो. उतारावर तो शेवटची सूचना असू शकतो.

खानझोडे जागच्या जागी थिजले. मग ते इतक्या मोठ्याने बोलले की मी दचकलो. तीन वर्षांत मी त्यांचा आवाज असा ऐकला नव्हता.

"आवाज झाला. दोघांनी ऐकलं ना? मी सांगून राहिलो, आवाज झाला. परत फिरा."

अमेयने ऐकलं होतं. पण त्याने समोरच्या चार रेघांकडे बोट दाखवलं. तो म्हणाला की काल चार जण इथूनच गेलेत, आकडा दोन आहे, आणि हा आवाज इथे झाडीजवळ झालाय, वर नाही. खानझोडे म्हणाले की चौघांना काही झालं नाही याचा अर्थ पाचव्याला होणार नाही असा नसतो. अमेय म्हणाला की त्याला दर वेळी असं कोणाच्या तरी भीतीने जगता येणार नाही. मग त्याने जे म्हटलं ते त्याने म्हणायला नको होतं.

"काका, तुम्हाला वर जायचंच नसतं. तुम्ही फक्त कारण शोधता."

अमेय निघाला.

मला वाटलं ते आता वळतील, नेहमीसारखे. ते वळले नाहीत. एका मोठ्या देवदाराच्या आडोशाला, जिथून सगळा उतार दिसत होता तिथे ते जाऊन उभे राहिले. पाठीवरची पिशवी उतरवली. फावड्याचा दांडा पात्यात बसवला. बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळी जोडून झाडाला टेकवून ठेवली. मलाही माझी जोडायला लावली. मग दोन्ही हातमोजे काढून ते अमेयकडे बघत उभे राहिले, आणि पुढचा पाऊण तास त्यांनी त्याच्यावरून नजर काढली नाही. अमेय वर एक ठिपका होत गेला. वारा बोचत होता. मी त्यांना हातमोजे घालायला सांगितलं तर म्हणाले, मोज्यांनी यंत्राचं बटण नीट दाबता येत नाही. त्यांची बोटं पांढरी पडली होती.

अमेय माथ्यावर पोचला. हात हलवला. आणि उतरला. तो फार देखणा उतरला, हे कबूल केलं पाहिजे. मोठमोठी सैल वळणं घेत, मागे बर्फाची धूळ उडवत. उतार जागचा हलला नाही. काहीही झालं नाही. तो आमच्यापाशी येऊन थांबला तेव्हा धापा टाकत हसत होता, आणि "बघा" असं म्हणायच्या तयारीत होता हे दिसत होतं.

मग त्याने ते फावडं पाहिलं. सळी पाहिली. खानझोड्यांची बोटं पाहिली. त्याचं हसू जागेवरच राहिलं आणि काय करावं ते त्याला कळेना.

खानझोड्यांनी फावड्याचा दांडा काढला, सळी घडी करून पिशवीत भरली. बोटं नीट वळत नव्हती म्हणून पिशवीची चेन मी लावली. ते अमेयला एवढंच म्हणाले, "चांगला उतरला तू."

एरवी खानझोडे स्वतःच्या गाडीने येतात, पण त्या दिवशी त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून तिघंही माझ्या गाडीत होतो. अमेय मागच्या सीटवर डोळे मिटून पडला. डोंगर संपून पायथ्याची छोटी गावं सुरू झाली तेव्हा खानझोड्यांनी मला पुढच्या एक्झिटला बाहेर पडायला सांगितलं. वीस मिनिटांचं काम आहे, म्हणाले.

ते एक वृद्धाश्रमासारखं घर होतं. बैठं, पिवळसर, दारात व्हीलचेअरसाठी रॅम्प. अमेय उठला नाही. खानझोडे म्हणाले, बाहेर थंडी आहे, तुम्ही तरी आत या. रिसेप्शनवरच्या बाईने त्यांना नावाने हाक मारली आणि वही पुढे न करताच आत सोडलं.

खोलीत खिडकीपाशी एक उंच, वाळलेला गोरा म्हातारा बसला होता. त्याने आमच्याकडे सभ्यपणे पाहिलं. कोणीतरी चुकून आत आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसं. खानझोड्यांनी आपलं नाव सांगितलं. आपण पूर्वी एका ऑफिसात होतो, तू माझा मॅनेजर होतास, असंही सांगितलं. त्याने मान हलवली. मग खानझोडे त्याच्यासमोर बसले, खिशातून संत्रं काढलं आणि सोलायला लागले. त्यांची बोटं अजून धड वळत नव्हती. बराच वेळ लागला. एकेक फोड शिरा काढून ते त्याच्या हातात देत होते. तीन फोडी झाल्यावर ते इंग्रजीत बोलले, सावकाश, एकेक शब्द ठेवत.

"रॉजर, त्या दिवशी मला आवाज ऐकू आला होता. मी तुला सांगितलं नाही."

म्हातारा विचारात पडला. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, मग हातातल्या फोडीकडे.

"मग मी मेलो का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मला बाहेर कोणी काढलं?"

"आम्ही तिघांनी. मी पण खणत होतो."

"मग झालं तर," रॉजर म्हणाला, आणि फोड तोंडात टाकली.

गाडीत बसल्यावर खानझोड्यांनीच सांगितलं, समोरच्या रस्त्याकडे बघत.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ते व्हिसावर होते, ग्रीन कार्डचे कागद कंपनीतर्फे चालू होते. रॉजर हौशी माणूस; टीमला घेऊन डोंगरात जायचा. खानझोडे नवशिके, म्हणून रांगेत शेवटी. चौघं चढत असताना खानझोड्यांच्या पायाखाली तो आवाज झाला. पुढच्यांनी ऐकला नाही. खानझोड्यांना वाटलं, सांगावं. मग वाटलं, साहेब पुढे आहे, त्याला इतक्या वर्षांचा अनुभव आहे, आपण काल आलेलो, आपलं इंग्रजी असं, उगीच हसं व्हायचं. दहा मिनिटांनी रॉजर उतारावर गेला आणि उतार त्याच्यासकट खाली आला. तिघांनी खणून त्याला काढला. जिवंत होता. कंबर मोडली होती. तो पुन्हा कधी स्कीवर उभा राहिला नाही.

"दवाखान्यात भेटायला गेलो, तर तोच माझी समजूत घालून राहिला. म्हणे, कोणालाच कळणं शक्य नव्हतं." खानझोडे म्हणाले. "मी तेव्हाही नाही बोललो."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. आधी ग्रीन कार्ड व्हायचं होतं म्हणून, मग झालं होतं म्हणून, मग आता कोणत्या तोंडाने सांगायचं म्हणून राहून गेलं. शेवटी हिय्या करून सांगायला गेले, तोवर रॉजरला माणसं ओळखू येईनाशी झाली होती.

"दर वेळी सांगता?" मी विचारलं.

"दर वेळी."

"आणि तो दर वेळी माफ करतो."

"करतो ना. पण त्याच्या ध्यानात राहत नाही बाप्पा. पुढच्या महिन्यात मला पुन्हा पहिल्यापासून सांगा लागते."

ते हे हसत म्हणाले, आणि मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. एवढा वेळ पुसावा इतकी काच मळलेली नव्हती. समोर ट्रॅफिक तुंबायला लागलं होतं. शनिवारी डोंगरावर गेलेला आमचा सगळा बे एरिया एकाच वेळी घरी निघाला होता आणि माझी कंबर, मान, गुडघे, सगळं दुखत होतं.

अमेय झोपला आहे असं आम्ही धरून चाललो होतो. पण मागून त्याचा आवाज आला. तो नेहमीच्या घाईत नव्हता.

"काका, पुढच्या वेळी मी आत आलो तर चालेल?"

खानझोड्यांनी चष्मा घातला. मागे वळून बघायला त्यांना जरा वेळ लागला.

"ये ना," ते म्हणाले. "फक्त तुझं नाव त्याला दर वेळी सांगा लागेल."